हार्नेस वाटून झाले, आता कडा आणि डक्ट बंद करा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळ तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत, साइटवर तीस-पस्तीस माणसं, बहुतेक मुकादमामार्फत आलेली. हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट, म्हणजे हार्नेस, घेऊन दिले, न वापरणाऱ्याला दंड लावून पाहिला, तरी कोणी वापरत नाही. गेल्या महिन्यात एक बिगारी पहिल्या मजल्यावरून डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या उभ्या भोकात, पडला, हात मोडण्यावर निभावलं. सेफ्टी ऑफिसर परवडत नाही. सुरुवात कशापासून करायची, आणि उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?

दंड आधी बंद करा. दंडाचे पैसे शेवटी मुकादम त्या माणसाच्या खर्चीतून, म्हणजे आठवड्याच्या उचलीतून, कापतो, आणि त्यानंतर साइटवर काय घडतं ते तुमच्यापर्यंत पोचणं थांबतं. पाय घसरला, फळी निसटली, वरून विटेचा तुकडा पडला, असं रोज काही ना काही होत असतं. ते कळलं तर पुढचा अपघात टळतो. दंडाच्या साइटवर ते कोणीही सांगत नाही.

दुसरं म्हणजे, तुम्ही जे लिहिलंय ते सगळं माणसाच्या अंगावर काय होतं याबद्दल आहे. डक्ट उघडा का होता, याबद्दल एक ओळ नाही. डोक्यावर घमेलं घेऊन चालणाऱ्याला पायाखालचं दिसत नाही. हेल्मेट असतं तरी तो पडलाच असता. आणि बेल्ट अडकवायचा कशाला? पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर मधोमध चालताना हुक लावण्यासारखं काहीच नसतं. लोक हार्नेस घालत नाहीत याचं निम्मं कारण हे आहे. उरलेलं निम्मं मजुरीच्या पद्धतीत आहे: सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबचा तात्पुरता साचा आणि टेकू उभे करणारा, चौरस फुटाच्या दराने काम करतो, हार्नेसने हात मंदावतो, आणि त्या वेळेचे पैसे त्याला कोणी देत नाही.

हार्नेसबद्दल एक हिशेब करून पाहाच. दोरीची, म्हणजे लॅनयार्डची लांबी साधारण १.८ मीटर. झटका सोसणारी पट्टी उघडली की आणखी एक मीटरहून जास्त. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. वर थोडी मोकळीक. बेरीज पाच-सहा मीटरवर जाते, आणि हुक पायाजवळच्या सळईला लावला असेल तर त्याहूनही पुढे. तुमच्या मजल्याची उंची तीन मीटर. म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस हार्नेसने पुरता थांबवायच्या आतच जमिनीवर पोचतो. हार्नेस वाईट आहे असं मी म्हणत नाही. बाहेरच्या प्लास्टरला, झुल्यावरच्या रंगकामाला, वरच्या मजल्यांच्या कडेला त्याच्यावाचून चालत नाही. पण तिथेही हुक डोक्याच्या वर आणि भक्कम जागी हवा, कमरेच्या पट्ट्याऐवजी पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली कसं घ्यायचं हे आधी ठरलेलं हवं. लटकून राहिलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं. पडण्यातून वाचलेला माणूस त्यानेही जाऊ शकतो.

तेव्हा सुरुवात डक्टपासून. सर्वांत स्वस्त उपाय स्लॅबच्या आधीच करायचा असतो: डक्टच्या जागी सळई तोडू नका. स्लॅबची जाळी डक्टवरून तशीच पुढे जाऊ द्या, फक्त काँक्रीट भरू नका. प्लंबर पाइप घेऊन येईल तेव्हा त्याला लागेल तेवढीच सळई कापायची. खर्च म्हणाल तर दोन-चार किलो लोखंड. फिटर कुरकुर करेल, कारण नंतर कापायचं काम कोणाचं यावर वाद होतो. तो वाद आधीच मिटवा. जे स्लॅब होऊन गेलेत तिथे प्लाय ठोका. ठोका म्हणतोय, ठेवा नाही. सुटा प्लाय उघड्या भोकापेक्षा वाईट. कोणाला तरी प्लाय हवा असतो, तो दोन्ही हातांनी उचलून समोर धरतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि थेट खाली जातो. प्लायच्या खालून भोकाच्या मापाची लाकडी पट्टी मारा म्हणजे तो सरकणार नाही, वरून खिळे मारा आणि लाल रंगात ‘खाली डक्ट’ असं लिहा, मराठीत आणि हिंदीत. लिफ्टच्या खड्ड्याला प्रत्येक मजल्यावर दाराच्या जागी आडव्या नळ्या हव्यात आणि आत एक मजला सोडून एक जाळी.

आता स्लॅबच्या कडा. इथे खरी गोम आहे आणि ती तांत्रिक नाही. सेंट्रिंगवाल्याने माल खोलला की तो वरच्या मजल्यावर जातो. गवंडी अजून यायचा असतो. मधल्या दोन-तीन आठवड्यांत बाल्कनीची, जिन्याची, स्लॅबची कड उघडी पडते आणि ती कोणाचीच नसते. सेंट्रिंगवाला म्हणतो माझं काम झालं, गवंडी म्हणतो माझं सुरू व्हायचंय. त्या मधल्या काळात त्या मजल्यावर कोण फिरतं? पाणी मारणारा, कचरा उचलणाऱ्या बाया, इलेक्ट्रिशियन, आणि फोनवर बोलत चालणारे तुमच्यासारखे लोक.

हे ओरडून सुटत नाही, दरात सुटतं. सेंट्रिंगच्या ठेक्यात एक वेगळी ओळ घाला: स्लॅबच्या कडेला तात्पुरतं रेलिंग, रनिंग मीटरवर इतका दर, विटकाम येईपर्यंत राखण्यासह. एक मीटर उंचीवर वरची नळी, मध्ये दुसरी, खाली १५ सेंटीमीटरची फळी, म्हणजे वीट किंवा हातोडा खाली घरंगळणार नाही. स्लॅब भरतानाच कडेला दोन-दोन मीटरवर पीव्हीसी पाइपचे तुकडे उभे सोडा. दुसऱ्या दिवशी त्यात नळ्या रोवता येतात. बिल काढताना रेलिंग जागेवर असेल तरच ती ओळ मंजूर करायची. गवंड्याच्या ठेक्यात उलटी ओळ: काम करताना रेलिंग काढलं तर त्याच दिवशी परत लावायचं. ‘सेफ्टीची सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ असं एक मोघम वाक्य बहुतेक करारांत असतं. त्या वाक्याने आजवर एकही नळी उभी राहिलेली नाही. दर लिहिलात की तोच ठेकेदार स्वतःहून नळ्या शोधत फिरतो.

पडून मरणाऱ्यांखालोखाल मला काळजी वाटते ती सेंट्रिंग कोसळण्याची, कारण तिथे एका वेळी पाच-दहा माणसं जातात. पुण्यात बालेवाडीला २९ जुलै २०१६ रोजी उंच इमारतीच्या स्लॅबच्या कामावेळी ९ मजूर गेले. येरवड्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये रात्रीच्या कामात लोखंडाची जाळी कोसळून ५ गेले. स्लॅब लोक हलक्यात घेतात, म्हणून वजन सांगतो. ओलं काँक्रीट घनमीटरला सुमारे अडीच टन. पाच इंची, हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे २९ टन, आणि तो सगळा टेकूंवर. तेही काँक्रीट समान पसरलं तर. पंपाचा पाइप एका जागी धरून दीड फुटाचा ढीग केला की तिथे चौरस मीटरला साडेअकराशे किलोच्या आसपास भार येतो, म्हणजे नेहमीच्या साडेतीन-चारपट. त्यावर माणसं आणि व्हायब्रेटरचा थरकाप. टेकू वरून सरळ दाबला तर बरंच सोसतो. थोडा कलला, किंवा मध्ये आडवा बांधलेला नसला, तर तो वाकतो, त्याचा भार शेजारच्यावर जातो आणि पुढचं काही सेकंदांत उरकतं.

म्हणून स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी खाली जा. वर सगळेच जातात, कव्हर बघतात, सळईचे फोटो काढतात. खाली टेकूंच्या जंगलात वाकून कोणी शिरत नाही. काय बघायचं? तळमजल्याचे टेकू भरावावर उभे असतील तर खाली जाड फळी हवी. नुसत्या विटेवर किंवा मुरुमावर उभा टेकू पाणी मुरलं की खचतो. दोन बल्ल्या जोडून उंची गाठलेला टेकू दिसला तर काढायला लावा. उंच पार्किंग असेल तर दोन्ही दिशांना आडव्या नळ्या आणि तिरपे बांध हवेत. लोखंडी टेकूत मूळ पिनेऐवजी सळईचा तुकडा घातलेला असतो, तोही बदला. आणि स्लॅब भरत असताना खाली फक्त एक नेमलेला सुतार, तोही कडेच्या बाजूने फिरणारा. बाकी कोणी नाही. पाऊस आला म्हणून स्लॅबखाली आडोशाला बसलेली माणसं मी बऱ्याच साइटवर पाहिली आहेत आणि दर वेळी उठवली आहेत.

खोलण्याची घाई हा दुसरा रोग. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटसाठी मुदती दिल्या आहेत: साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यापुढे २१. आज बहुतेक साइटवर पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, येतं, ते सावकाश ताकद धरतं, म्हणजे मुदत आणखी लांबवायची. पण सेंट्रिंगवाल्याकडे एकच सेट असतो आणि वरचा स्लॅब अडलेला असतो. तुम्ही दीड सेट मालाचे पैसे सुरुवातीलाच धरले नाहीत, तर पुढे कितीही तंबी द्या, सहाव्या दिवशी टेकू निघणारच.

माती. नाशिकच्या बाजूला काळी माती आणि खाली मुरूम. मुरूम कोरडा असताना उभा कापला तरी ताठ राहतो आणि माणसाला फसवतो. एक पाऊस पडला की तोच भिंतीसारखा तुकडा सुटतो. मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या पुढे. छातीपर्यंत गाडलेला माणूस डोकं वर असूनही गुदमरतो, कारण छाती फुगतच नाही. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना उतार द्या किंवा फळ्या-टेकूंचा आधार द्या. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी लांब. जेसीबी आणि डंपरही तसेच लांब. पाऊस पडून गेल्यावर कोणीतरी जाणत्याने काठ बघितल्याशिवाय आत कोणी उतरायचं नाही.

शेजाऱ्याची कंपाउंड भिंत हे वेगळं प्रकरण. कोंढव्यात २९ जून २०१९ च्या मध्यरात्री सोसायटीची भिंत पलीकडच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ माणसं गेली. त्यांतलं कोणी तेव्हा काम करत नव्हतं. सगळे झोपले होते. भोसरीत २४ ऑक्टोबर २०२४ रोजी मजूर वसाहतीतली पाण्याची टाकी कोसळून ५ जण गेले. तेव्हा तुमच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्या कुठे आहेत ते आजच बघा. भिंतीच्या, खोदकामाच्या, मातीच्या ढिगाच्या, टाकीच्या पायाशी त्या असतील तर पावसाआधी हलवा. जागा नसते हे मला माहीत आहे. पहिला स्लॅब होऊन टेकू निघाले की आतल्या खोल्यांत सोय करा, किंवा जवळ भाड्याने घ्या. मजुरांची जागा आपण नेहमी उरलेल्या कोपऱ्यात देतो आणि उरलेला कोपरा बहुधा भिंतीलगतच असतो.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीबद्दल मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण चार मजली इमारतीतही ती असते आणि तिच्यात कोणाला धोका दिसत नाही. टाकीचा वरचा स्लॅब भरला, आत सेंट्रिंगचं लाकूड, तळाला पाणी, वर एकच झाकण. तीन-चार आठवडे लाकूड आत कुजतं आणि हवेतला प्राणवायू संपवतं. वास येत नाही, काही दिसत नाही. पहिला माणूस फळ्या काढायला उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेही अनेकदा मरतात. उपाय: टाकीला समोरासमोर दोन झाकणं ठेवा. उतरण्याआधी दोन्ही उघडून ब्लोअरने बराच वेळ हवा मारा आणि काम चालेपर्यंत तो चालूच ठेवा. हवा तपासायचं मीटर भाड्याने मिळतं, प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. जाळलेली काडी किंवा मेणबत्ती सोडून बघण्याच्या भानगडीत पडू नका. आत जाणाऱ्याच्या हार्नेसला दोरी, वर दोन माणसं. आतला पडला तर वरच्यांनी दोरीने ओढायचं, उतरायचं नाही. हे त्यांच्याकडून आधी म्हणवून घ्या, कारण आपला भाऊ आत पडलेला दिसल्यावर कोणी विचार करत बसत नाही. पुढे टाकीला पक्कं झाकण आणि कुलूप. साइटवरची लहान मुलं पाण्यात पडतात ती बहुधा इथेच.

विजेबद्दल थोडक्यात. सॉकेटमध्ये नुसत्या वायरी खुपसून काडेपेटीची काडी मारायची पद्धत बंद करा, प्लग-टॉप द्या. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा आणि आठवड्याला त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. वारंवार पडतो म्हणून वायरमन त्याला बगल देतो, तेही तपासा. इमारतीशेजारून ११ केव्हीची लाइन जात असेल तर महावितरणकडे ती हलवण्याचा अर्ज आधी. सळई १२ मीटर लांब येते. गच्चीवर ती वळवताना टोक कुठे जाईल याचं भान कोणाला राहत नाही, म्हणून सळई लाइनच्या उलट्या बाजूलाच उतरवा, तिथेच कापा आणि तिथूनच वर चढवा.

बाहेरच्या प्लास्टरची परांची इमारतीला ठरावीक अंतरावर बांधलेली हवी. खिडकीच्या गजाला सुतळी म्हणजे बांधणी नाही. झुल्यावरच्या रंगाऱ्याची जीवनदोरी झुल्यापासून वेगळी आणि गच्चीवर वेगळ्या जागी बांधलेली. माल चढवायच्या छोट्या लिफ्टवर माणूस बसणार नाही, हे ऑपरेटरला बजावा. ठाण्यात बाळकुमला सप्टेंबर २०२३ मध्ये बांधकामाची लिफ्ट कोसळून ७ जण गेले. ती तर उंच इमारतीवरची मोठी लिफ्ट होती. त्याआधी महिनाभर, समृद्धी महामार्गाच्या कामात शहापूरजवळ गर्डर लाँचर, म्हणजे पुलाचे गर्डर बसवणारं यंत्र, पडून २० जण गेले. यंत्र मोठं, ठेका मोठा म्हणून कोणी सुटत नाही.

माणसांबद्दल दोनच गोष्टी. नाक्यावरून एका दिवसापुरता आणलेला आणि गावाहून काल आलेला, हे दोघे सर्वांत धोक्यात असतात. त्यांना पहिला दिवस खालचं काम द्या आणि डक्ट, लिफ्टचा खड्डा, विजेची पेटी स्वतः फिरून दाखवा, त्यांच्या भाषेत. बंगालमधल्या मालद्याचा फिटर आणि नांदेडचा बिगारी यांना तुमचं मराठी सारखंच कळेल असं धरू नका. दुसरी गोष्ट स्लॅबचा दिवस. सकाळी पूजा, नारळ, आणि मग मिक्सर दोन तास उशिरा. काम रात्री अकरापर्यंत लांबतं, शेवटचे दोन बीम अंधारात आणि दमलेल्या हातांनी भरले जातात. काँक्रीटची वेळ हुकली तर कुठे थांबायचं, म्हणजे जोड कुठे घ्यायचा, हे डिझायनरकडून आधीच लिहून घ्या. थांबायची जागा माहीत असेल तर थांबता येतं.

जबाबदारीबद्दल. ‘मजूर मुकादमाचे आहेत’ हा बचाव टिकत नाही. भरपाईच्या कायद्यात ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडूनही वसूल होते. १९२३ च्या कायद्यातलं हे तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेतही आलं आहे. मृत्यूची भरपाई म्हणजे मासिक मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला अंक. जानेवारी २०२० पासूनच्या मर्यादेनुसार मजुरी महिना १५,००० रुपये धरली, तर तीस वर्षांच्या माणसासाठी ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. वेळेत भरली नाही तर वर १२ टक्के व्याज आणि दंड. फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, निष्काळजीपणाने मृत्यू. त्यात ठेकेदार, विकसक, साइट इंजिनिअर, मुकादम, कोणाचंही नाव येऊ शकतं. अशा वेळी हेल्मेट वाटल्याची सही असलेली वही फारशी कामाची नाही. डक्ट बंद होता का, टेकूंची तपासणी कोणी केली, हेच विचारलं जातं.

दहा किंवा जास्त कामगार असतील तर साइटची नोंदणी करावी लागते. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर तर तुम्ही भरलेलाच असेल. मग त्या पैशाचा लाभ तुमच्या माणसांना मिळू द्या. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी १८ ते ६० वय आणि गेल्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला देणारे तुम्हीच.

सेफ्टी ऑफिसर तुमच्या आकाराला कायद्याने सक्तीचा नाही; २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत बांधकामासाठी २५० कामगारांची मर्यादा आहे. तुम्हाला हवा तो एक सुतार. साइटवरचा शांत, जुना, दारू न पिणारा एक निवडा आणि त्याला रोज सकाळचे दोन तास फक्त याच कामाचे द्या: कडा, डक्ट, शिड्या, प्लाय. त्याच्या नळ्या आणि फळ्या पिवळ्या रंगवा, म्हणजे दुसऱ्या कामाला नेलेल्या ओळखू येतील. हजेरीवर अर्धी हजेरी वाढवून द्या, आणि एखादी कड उघडी असेल तर त्या मजल्याचं काम थांबवायचा अधिकार त्याला मुकादमासमोर द्या. पहिल्यांदा त्याने काम थांबवलं की तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहता का, हे सगळी साइट बघणार आहे.

आणि विमा. कामगार भरपाईची पॉलिसी घेताना तीस माणसांऐवजी दहा दाखवून हप्ता वाचवायची पद्धत आहे. दावा येतो तेव्हा कंपनी हजेरीपत्रक आणि खर्चीची वही मागते आणि तफावत दिसली की हात वर करते. पॉलिसीत ठेकेदारांच्या माणसांचा उल्लेख स्पष्ट आहे ना, सेंट्रिंग आणि खोदकाम वगळलेलं नाही ना, औषधोपचाराचा खर्च जोडलेला आहे ना, एवढ्या तीन गोष्टी एजंटकडून लेखी घ्या. हात मोडलेल्या त्या बिगाऱ्याचा दावा अजून केला नसेल तर या आठवड्यात करा. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात निम्मी मजुरी हा त्याचा हक्क आहे आणि तो मुकादमाच्या मर्जीवर सोडायचा नसतो.